वॉरंटी संपल्याचा शिरा

कर्णिकबाईंच्या घरी एखाद्या वस्तूची वॉरंटी संपली की शिरा होत असे. मिक्सरचं वर्ष भरलं, पंख्याची दोन वर्षं भरली, की दुपारी चारच्या सुमाराला वरून तुपावर भाजल्या जाणाऱ्या रव्याचा वास यायचा आणि माझी बायको मीना म्हणायची, "वर कोणाची तरी मुदत भरली वाटतं." आम्ही नवे भाडेकरू असताना तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सांत्वनाला शोभेल असा चेहरा करून जिना चढलो होतो. वर टेबलफॅनला हळदकुंकू लावलेलं आणि बाई हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभ्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "वॉरंटी असेपर्यंत वस्तू कंपनीची असते. आपण नुसते सांभाळणारे. स्क्रू काढायचा नाही, झाकण उघडायचं नाही, सील तोडायचं नाही. सून आणायची आणि तिला ओट्याला हात लावू द्यायचा नाही, असला प्रकार. आजपासून हा घरचा झाला. शिरा घ्या."

एवढं बोलून त्यांनी माझ्यादेखत पंख्याची पाठ उघडली, आत डोकावल्या, "हं" म्हणाल्या आणि पुन्हा बंद केली. मग वॉरंटीचं कार्ड उलटं करून त्यावर लाल शाईनं शेरा लिहिला : ‘वर्तणूक चांगली. मान फिरवताना कुरकुर करतो. सुधारणेस वाव.’

हे भिवंडीच्या कामतघर भागातलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचं. मी तहसील कचेरीत कारकून होतो आणि घर मिळत नव्हतं. बाईंचं दोन मजली साधं घर, खालच्या दोन खोल्या आम्हाला. घराच्या तिन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. दिवसरात्र खटक-खटक, खटक-खटक. पहिला महिनाभर मी आणि मीना एकमेकांशी खुणांनी बोलत होतो, आणि संसाराला त्याचा फायदाच झाला असं माझं प्रामाणिक मत आहे. बाईंना मात्र तो आवाज लागायचा. लाइट गेले आणि लूम थांबले की त्या दचकून उठायच्या आणि गॅलरीतून विचारायच्या, "काय झालं रे?"

बाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. उंची बेताची, नऊवारी कधी नाही, कायम पाचवारी आणि कमरेला खोचलेला पदर. डाव्या हाताचं मधलं बोट नेहमी दुमडलेलं, कारण त्या बोटाच्या पेरानं त्या प्रत्येक वस्तूवर तीनदा टकटक करून कान लावायच्या. नारळावर आपण सगळेच करतो. बाई रेडिओवर करायच्या, गॅसच्या सिलिंडरवर करायच्या, आमच्या नव्या कपाटावरही केली होती. "आत पोकळ आहे," असं निदान त्यांनी केलं, तेव्हा मीनानं कपाट रिकामंच असल्याचं सांगितलं. "तसं नव्हे," बाई म्हणाल्या, "लाकूड पोकळ आहे." आठ महिन्यांनी त्याचा खालचा कप्पा बसला. बाईंनी मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, फक्त येताना खिळे घेऊन आल्या.

वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्याला तत्त्वज्ञान वगैरे म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "चाळीस वर्षांत मी शाळेतून एका मुलाला काढलं नाही," त्या म्हणायच्या. "नापास केलं, दोनदा केलं, पण काढलं नाही. वस्तूलाच तेवढा दाखला का म्हणून द्यायचा?"

त्यांचा मुलगा श्रीकांत पुण्याला इंजिनिअर होता. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. दर महिन्याला श्रीकांत एस.टी.नं यायचा आणि दर महिन्याला एकच विषय काढायचा : आई, पुण्याला चल. एकदा बाई गेल्याही, चांगल्या दोन महिन्यांच्या तयारीनं. नवव्या दिवशी परत. बरोबर एक मिक्सर.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"श्रीकांतचा. बंद पडला म्हणून बाहेर ठेवला होता. मी म्हटलं, याला भिवंडीला नेऊन आणते."

"आणि तुम्ही का आलात?"

"झोपच लागेना हो. रात्री इतकं शांत, की आपल्याला काहीतरी झालंय की काय असं वाटायचं."

मिक्सर पंधरा दिवसांत दुरुस्त होऊन पुण्याला गेला. बाई मात्र गेल्या नाहीत.

मग श्रीकांत कंपनीच्या कामासाठी युरोपात गेला आणि येताना आईसाठी एस्प्रेसो कॉफीचं मशीन घेऊन आला. आमच्या ओळखीचा एस्प्रेसो म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेरचा, वाफेचा फुसकारा सोडून दुधाला फेस आणणारा. हे मशीन लहान, लालभडक, गुडघ्याएवढंही नाही. पाठीमागे पाण्याची टाकी, पुढे कॉफीची पूड भरून अडकवायचा दांडा, बाजूला वाफेची नळी. बटण दाबलं की ते आधी गुरगुरे, मग थरथरे आणि शेवटी औषधाच्या मापानं काळी कॉफी देई.

"एवढीशीच?" मीनानं पहिल्या दिवशी कपात डोकावून विचारलं.

"तिकडे तेवढीच पितात," श्रीकांत म्हणाला.

"म्हणूनच त्यांची तब्येत बरी राहते," बाई म्हणाल्या, आणि त्यात पेलाभर गरम दूध आणि तीन चमचे साखर घातली. श्रीकांतनं तोंड फिरवलं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी, जी मी तेव्हा केली नव्हती. नळाला पाणी दिवसाआड यायचं. पिण्याचं पाणी म्हणजे कामतघरात तुपासारखं जपायचं. शेजारच्या बोअरिंगला मात्र बारमाही पाणी. खारट, जड, डाळ शिजायची नाही, पण भांडी घासायला चालायचं. बाईंनी विचारलं, "मशीनला कोणतं घालावं?" घरात मीच सरकारी माणूस, त्यामुळे सल्ला देणं हा मला माझा अधिकार वाटत असे. मी म्हणालो, "यंत्राला कशाला हवंय नळाचं? त्याला काय चव कळते? बोअरिंगचं घाला." सगळ्यांना पटलं. वर्षभर मशीन बोअरिंगचं पाणी प्यायलं आणि आम्ही मशीनची कॉफी प्यायलो.

एक वर्षानं मुदत संपली. परदेशी वस्तूची वॉरंटी संपण्याचा कामतघरातला बहुधा तो पहिलाच प्रसंग असावा. त्यामुळे शिऱ्यात केळं पडलं आणि बोलावणी दूरवर गेली. मागच्या कारखान्यातला जॉबर किसन तरे आला. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त ठेवणारा. दिघाशीहून रोज सायकलनं यायचा. चौथीत बाईंनी त्याला दोनदा नापास केलं होतं, आणि हे तो पदवी सांगितल्यासारखं सांगायचा. मोटर वाइंडिंग करणारे युसूफभाई आले. श्रीकांत योगायोगानं आलेलाच होता. मशीनला हळदकुंकू झालं. तीन कप छान निघाले. चौथ्याच्या वेळी मशीन गुरगुरलं, थरथरलं, लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झालं. दांड्याच्या कडेनं थोडी वाफ आली आणि मग तीही थांबली.

मी म्हणालो, "तारीख बघूनच बनवतात वाटतं."

श्रीकांतनं नेमका हाच मुहूर्त धरला. "आई, हे आता राहू दे. याचे पार्ट इथे मिळणार नाहीत, माणूस मिळणार नाही. इथे पाणी नाही, लाइट नाही, रात्री तुला बरं वाटेनासं झालं तर कोण आहे? पुण्याला चल. तिकडे मी तुला दुसरं मशीन घेतो."

"मशीन बंद पडलं म्हणून मी जायचं?"

"मशीनचं निमित्त. इथे आहे काय?"

बाईंनी दुमडलेल्या बोटानं मशीनवर तीनदा टकटक केली आणि कान लावला. मग सरळ उभ्या राहिल्या. "इथे सगळं दुरुस्त होतं," त्या म्हणाल्या.

"हे होणार नाही."

"झालं तर?"

"झालं तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

"आणि न झालं तर मी सामान बांधते," बाई म्हणाल्या.

आम्हाला वाटलं बोलण्याच्या भरात गेलं. पण बाईंनी वही मागवली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढलं : दिवाळीच्या पाडव्याला श्रीकांत या मशीनवर केलेली कॉफी भिवंडीत प्यायला तर मी भिवंडीत राहीन, नाही तर पुण्याला जाईन. खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून माझी. पाडव्याला दोन महिने होते. श्रीकांत एस.टी.ला गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाचा संकोच होता. त्याला आई हवी होती, हरलेली आई नको होती. पण त्याचा इलाज नव्हता.

आधी शिष्टाचाराप्रमाणे कंपनीकडे दाद मागायची ठरली. मुंबईला फोर्टात कोणीतरी परदेशी वस्तूंचे एजंट होते. त्यांच्याकडे मशीन घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मी लाल मशीन दुपट्यात गुंडाळून एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "किती महिन्यांचं?" मी म्हणालो, "तेरा. म्हणूनच पंचाईत झालीय." एजंटांनी मशीनला हातही लावला नाही. कार्डावरची तारीख बघितली आणि ते मला परत दिलं. संध्याकाळी मी तसाच मांडीवर घेऊन परत आलो.

मग बाईंनी थेट परदेशातल्या कंपनीला पत्र लिहिलं, इंग्रजीत, चार पानी. त्यात मशीनची प्रकृती, आजाराचा इतिहास, कुटुंबातलं वातावरण असं सगळं होतं. महिन्यानं उत्तर आलं. गुळगुळीत कागद, अतिशय सभ्य भाषा : आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, मुदत संपल्याबद्दल दिलगीर आहोत, सोबत आमच्या नव्या मॉडेलची माहिती पाठवत आहोत. बाईंनी ते दोनदा वाचलं, लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं : ‘शुद्धलेखन उत्तम. प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नाही. दहापैकी दोन.’

"आता आपल्या लोकांना बोलवा," त्या मला म्हणाल्या.

युसूफभाई एका रविवारी मीटर घेऊन आले. दोन तारा टेकवल्या, काटा बघितला. "बाईजी, कॉइल तर जिंदा आहे. इसको कुछ नहीं हुआ. करंट बराबर जातो. गडबड पेट में आहे."

"पोट उघडता येईल?"

"वो मेरा काम नहीं. मशीनका पेट किसन खोलेगा."

किसननं मशीन उघडलं ते गॅलरीत, वर्तमानपत्रावर. प्रत्येक स्क्रू ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं त्यानं कागदावर ठेवला आणि भोवती पेन्सिलनं गोल काढला. बाई खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. वर्गात बसत तशाच, पाय जुळवून. शेवटचं झाकण निघालं. किसननं मशीन उलटं केलं आणि एक थाप मारली. आतून पांढऱ्या खपल्यांचा ढीग पडला.

"बाय, पोटान सगला चुना हाय," तो म्हणाला. "वाट बंद जालीय. पानीच जात न्हाय, त कॉफी कुठशी येल?"

"चुना कुठून आला?"

"बोअरिंगचा पानी घातला असल."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पाण्याचं कोणी सुचवलं होतं?"

"सर्वानुमते ठरलं होतं," मी म्हणालो. कचेरीत हे वाक्य बारा वर्षं उपयोगी पडलं होतं. कर्णिकबाईंच्या गॅलरीत मात्र पडलं नाही. मीना आत निघून गेली. तिला हसू आवरत नव्हतं हे पाठीवरूनही कळत होतं.

चुना काढायची युक्तीही मीनाचीच. तांब्याचे हंडे आपण चिंच नाहीतर आमसूल लावून घासतो. मग याला का नाही? आमसुलाचं कढत पाणी टाकीत भरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी ओतायचं. चार दिवस हा उपचार चालला. रोज सकाळी बाई ओतलेलं पाणी उजेडात धरून बघायच्या, एखाद्या मुलाचा ताप बघावा तशा. पाचव्या दिवशी वाट मोकळी झाली.

दुसरं दुखणं होतं दांडा अडकवायच्या जागेवरच्या रबरी कड्याचं. वर्षभराच्या वाफेनं ते बिस्किटासारखं होऊन तुटलं होतं. कुकरचं रबर मोठं पडलं, स्टोव्हचा वॉशर लहान. अखेर किसननं लूमवर आडवं सूत वाहून नेणाऱ्या धोट्याला टोला देण्यासाठी वापरतात त्या चामडी पट्ट्याचा तुकडा आणला आणि चांभाराच्या रापीनं त्यातून गोल कापलं. "धोट्याचा मार खातो त वाफेचा न्हाय खानार?" तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात पहिली कॉफी निघाली. रंग कॉफीचा होता. चवीला सोलकढीची दूरची मावशी लागत होती आणि मागाहून जरा चपलेचा वास येत होता. युसूफभाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचार करून म्हणाले, "गरम अच्छी आहे."

"सुधारणेस वाव," बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या जिन्यावरून गुणगुणत खाली आल्या. त्या गाताना मी ऐकल्याची तेवढी एकच आठवण आहे.

दिवाळीत आमच्या गल्लीतले कारखाने तीन दिवस बंद असायचे. पाडव्याला सकाळी मी वर गेलो तर बाईंचे डोळे तारवटलेले. "झोप नाही," त्या म्हणाल्या. "लूम बंद. पुण्यासारखंच वाटलं."

श्रीकांत अकराला आला. पांढरा शुभ्र नवा झब्बा, हातात मिठाईचा पुडा. किसन दिघाशीहून वालाच्या शेंगा घेऊन आला होता, युसूफभाई नवी टोपी घालून. बाईंनी मशीन बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडलं, नळाचं पाणी भरलं, पूड दाबली, दांडा अडकवला आणि बटण दाबलं. ते गुरगुरलं, थरथरलं. दांड्याखाली दोन थेंब जमले. आम्ही सगळे पुढे वाकलो, त्यात श्रीकांत सर्वांत पुढे होता. मग शिट्टी झाली, चामड्याचं कडं एका बाजूनं सरकलं आणि कॉफी कपाऐवजी श्रीकांतच्या झब्ब्यावर गेली.

बाईंनी शांतपणे बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या ओट्याला हात टेकून उभ्या होत्या.

"बाई," मी हळूच म्हणालो, "पातेल्यात उकळू. त्याच कपात देऊ. तो झब्बा धुतोय, त्याला काय कळणार?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझं वय एकदम नऊ वर्षं झालं. "चाळीस वर्षं मी कॉपी पकडली," त्या म्हणाल्या, "आणि आता स्वतः करू?"

पदर खोचून त्या बाहेर आल्या. "श्रीकांत," त्या म्हणाल्या, "झालं नाही. लिहिलं होतं तसं. मी सामान बांधायला घेते."

किसन खाली बघत होता. "बाय, माजीच चूक," तो पुटपुटला. "परत नापास."

बाई कपाटावरची ट्रंक काढायला स्टुलावर चढल्या. मीना स्टूल धरायच्या निमित्तानं पुढे गेली आणि स्टुलाऐवजी बाईंचा हातच धरून उभी राहिली.

श्रीकांत मशीनपाशी होता. झब्ब्यावर तपकिरी नकाशा. त्यानं दांडा काढला, चामड्याचं कडं बोटांत घेतलं आणि खिडकीच्या उजेडात फिरवून बघितलं.

"हे कोणी कापलं?"

"मी," किसन म्हणाला.

"कशानं?"

"रापीनं. हातानं."

"हातानं?" श्रीकांतनं ते पुन्हा फिरवलं. "आमच्याकडे मशीनवर इतकं गोल निघत नाही. पण पातळ आहे. वाफेनं दबलं. याच्या सव्वापट जाड पाहिजे."

"जारा पट्टा हाय कारखान्यान. किल्ली माज्याकडंच हाय."

"मग चल की," श्रीकांत म्हणाला.

आणि तो गेला. त्याच झब्ब्यात. मागोमाग युसूफभाई, टोपी सावरत. बाई स्टुलावर, ट्रंकेवर हात ठेवून तशाच उभ्या. "अरे, जेवायचं..." एवढं त्या म्हणाल्या, पण तोवर ते तिघे जिना उतरले होते.

दीड वाजता मी बोलवायला गेलो. बंद कारखान्यात लूमच्या रांगांमध्ये, पूजेच्या झेंडूखाली, तिघे जमिनीवर बसले होते. श्रीकांतच्या कोपरापर्यंत तेल. तो किसनला पट्टा कसा भिजवला तर फुगणार नाही ते विचारत होता आणि किसन त्याला सांगत होता. युसूफभाई दोघांना सांगत होते की दोघेही चुकताहेत. मी "जेवायला" म्हणालो. कोणी वर बघितलं नाही. मी परत येऊन बाईंना सांगितलं, "येतायत." कारकुनाचा अहवाल असाच असतो.

ते आले साडेतीनला. दांडा स्वतः श्रीकांतनं अडकवला. यावेळी कोणी पुढे वाकलं नाही, मी तर दारापर्यंत मागे सरकलो. मशीन गुरगुरलं, थरथरलं, आणि काळी, दाट, शिस्तशीर कॉफी कपात उतरली. श्रीकांतनं ती दूध न घालता उभ्यानंच घेतली.

"कशी आहे?" मीनानं विचारलं.

"चामड्याची," तो म्हणाला आणि कप रिकामा केला.

किसननं मोठा श्वास सोडला. मी वही आणायला निघालो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. हे धरता येणार नाही."

"का?"

"पैज भिवंडी दुरुस्त करते की नाही, याची होती. दुरुस्ती श्रीकांतनं केली. पुण्यानं केली."

मला बाईंचा मनापासून राग आला. हातात आलेला निकाल स्वतःच्या विरुद्ध फिरवणारा परीक्षक मी दुसरा पाहिला नाही. ट्रंक अजून टेबलाशेजारी होती. श्रीकांत तेलकट हात पुसायला काही शोधत होता. शेवटी त्यानं झब्ब्यालाच पुसले, कारण आता त्याचं काही राहिलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "माझा जन्म कुठला?"

बाईंनी त्याचा रिकामा कप उचलून घेतला.

"याच घरातला. मागच्या खोलीतला. किसनच्या पुढच्या बाकावर बसायचो मी, तूच बसवलं होतंस. मी कुठला आहे?"

"धरा," युसूफभाई म्हणाले. "बाईजी, ये तो धरना पडेगा."

बाईंनी बराच वेळ मशीनकडे बघितलं. मग ट्रंक उचलून किसनच्या हातात दिली. "वर ठेव रे," त्या म्हणाल्या. किसन स्टुलावर चढला.

श्रीकांत त्या दिवशी शेवटची एस.टी. चुकवून राहिला. सकाळी जाताना माझ्याजवळ म्हणाला, "पुढच्या महिन्यात येताना जाड रबराचा तुकडा घेऊन येतो. चामडं फार दिवस टिकायचं नाही." पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. पण पुढच्या महिन्यापासून तो शनिवारीच मुक्कामाला यायला लागला आणि येताना त्याच्या पिशवीत बंद पडलेलं काही ना काही असायचं. कधी शेजाऱ्यांची इस्त्री, कधी साहेबांच्या घरचं घड्याळ. ते तिघे गॅलरीत बसायचे आणि बाई खुर्ची घेऊन समोर.

गंमत अशी की बाईंनी भिवंडीत राहावं म्हणून ज्यांनी देव पाण्यात ठेवले होते, ते आम्हीच पुढे तिथून हललो. नव्वदनंतर चार-पाच वर्षांनी माझी बदली झाली. मुलगी शाळेत जायची झाली होती, मीनाला मोकळी हवा हवी होती आणि मला, खरं सांगायचं तर, बारा महिने गोडं पाणी हवं होतं. कारणं सगळी चांगली होती. बाईंना सांगायला मी तीन आठवडे लावले. त्यांनी ऐकून घेतलं, "नळ चोवीस तास असतो का तिकडे?" असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर "मग जायला हवं" म्हणाल्या. ट्रंक बांधायलाही त्याच आल्या.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो गल्लीत अडकला. समोरून सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, लादलेली हातगाडी येत होती, चार माणसं ढकलत होती आणि त्यांच्यामागे रिक्षा, सायकली, आणखी एक टेम्पो. सगळे एकमेकांना मागे सरायला सांगत होते आणि कोणी सरत नव्हतं. मी उतरून दोन शब्द बोलून बघितले. ते लूमच्या आवाजात गेले. तेवढ्यात जिन्यावरून बाई उतरल्या. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, एक हात आडवा केला आणि काही बोलल्या नाहीत. हातगाडी थांबली. रिक्षा मागे गेली. सायकलवाले उतरून भिंतीला चिकटले. आमचा टेम्पो हळूहळू त्यांच्या बाजूनं सरकला. मीनानं खिडकीतून हात केला, मुलीनंही केला. बाईंना हात हलवता येत नव्हता, त्यांनी रस्ता धरला होता. फक्त आमच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा समोर बघितलं. कोपऱ्यावरून मी मागे पाहिलं, तेव्हाही तो हात तसाच आडवा होता आणि त्याच्यामागे सगळी गल्ली थांबलेली.